फिल्टर बिघडलेला नाही, कॅल्साइट संपलंय
(विहिरीच्या पाण्यासाठी आमच्याकडून न्यूट्रलायझर (पाण्यातलं आम्ल मोडणारा फिल्टर) बसवून घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी)

पावसाळा मध्यावर आला की आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. बेसिनवर पुन्हा निळे-हिरवे डाग पडतायत, सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतंय, फिल्टर बिघडला, माणूस पाठवा. माणूस जातो, वेसल (फिल्टरची उभी टाकी) उघडतो, तर आत कॅल्साइट वीतभर उरलेलं. दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. गोणी सोबत नसली तर त्याला परत फिरावं लागतं. तुमचा दिवस मोडतो, आमचाही. म्हणून हे पत्रक.

वाळूचा फिल्टर पाणी गाळतो आणि वाळू वर्षानुवर्षं तशीच राहते. तुमच्या वेसलमध्ये वाळू नाही. ती कॅल्साइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची बारीक खडी आहे आणि ती पाण्यात विरघळते. विरघळते म्हणूनच पाणी सुधारतं. ती जपून कशी ठेवायची असं काही जण विचारतात. ती जपायची नसते, वेळेवर भरायची असते.

आपल्या गोव्यात हे का लागतं, तर जांभ्यामुळे. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे, कुठेही चिऱ्यांच्या जमिनीत खणलेली विहीर घ्या. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांपाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली जातं. वाटेत चुनखडी असती तर तिथेच त्याचं आम्ल मोडलं असतं. जांभ्यात चुना जवळपास नसतोच, त्यामुळे पाणी मऊ, चवीला गोड, पण पीएच (आम्लता सांगणारा आकडा, ७ च्या खाली पाणी आम्ल) साडेपाच-सहाच्या घरात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० पीएच ६.५ ते ८.५ सांगतं. असं पाणी प्यायल्याने कुणी लगेच आजारी पडत नाही, पण घरातला धातू खातं. गॅस गिझरची तांब्याची कॉइल, सोलरच्या तांब्याच्या नळ्या, पितळी कॉक, जुने जीआय पाइप, इलेक्ट्रिक गिझरमधला अ‍ॅनोड रॉड, सगळं झिजतं. बेसिनवरचे निळे डाग म्हणजे तुमच्या कॉइलमधलं तांबं.

“टीडीएस तर फक्त चाळीस दाखवतो, मग पाणी वाईट कसं?” हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो. टीडीएस मीटर पाण्यात क्षार किती ते सांगतो, आम्ल किती ते नाही. क्षार कमी असल्यामुळेच हे पाणी आम्लाला तोंड देऊ शकत नाही. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा इथे उपयोग शून्य, कारण पाणी आधीच मऊ आहे. आरओ तर उलटा पडतो. आरओचा पडदा क्षार अडवतो, विरघळलेला वायू अडवत नाही, म्हणून आरओतून निघालेलं पाणी आणखी आम्ल असतं. खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीजवळच्या) विहिरींचा प्रश्न वेगळा. तिथे पाणी खारं असेल तर कॅल्साइटने खारेपणा जाणार नाही, हे आम्ही आधीच सांगतो आणि काम घेत नाही.

आता खप किती होतो ते पाहा. १ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड पूर्ण मोडायला सुमारे २.३ मिलिग्रॅम कॅल्साइट लागतं. तुमच्या पाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम वायू असेल आणि घरात दिवसाला १००० लिटर पाणी वापरत असाल, तर रोज ९० ग्रॅम, वर्षाला ३३ किलो. प्रत्यक्षात सगळा वायू मोडला जात नाही, म्हणून २५ ते ३० किलो धरा. वर्षाला एक गोणी, फार तर थोडी जास्त. १३ बाय ५४ च्या (१३ इंच व्यास, ५४ इंच उंची) वेसलमध्ये आम्ही दोन-तृतीयांश उंचीपर्यंत, म्हणजे १०० किलोच्या आसपास भरतो. दोन वर्षं कुणी पाहिलंच नाही तर थर अर्ध्यावर येतो. पाणी खडीत थांबण्याचा वेळही निम्मा होतो आणि पीएच चढेनासा होतो. शिवाय पावसात विहिरीचं पाणी जास्त आम्ल असतं, त्यामुळे मे महिन्यात जेमतेम चाललेला फिल्टर जुलैत उघडा पडतो.

वीतभर उरण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा बाग असते. माडांना आणि कुळागराला जाणारा नळ त्याच लाइनवर असला तर गोण्या मातीत जातात. झाडांना या पाण्याचं काही बिघडत नाही. बागेचा फाटा फिल्टरच्या आधी काढून घ्या. पाइप आणि एक टी एवढंच लागतं, तुमचा प्लंबरही करेल.

भरण्याची वेळ: मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी. चतुर्थीला घर माणसांनी भरतं, पाणी दुप्पट लागतं, तेव्हा त्याआधी एकदा नळाचा पीएच तपासा. फिक्या रंगाची वेसल असेल तर अंधारात मागून टॉर्च धरा, थराची सावली दिसते. निळ्या वेसलमध्ये दिसत नाही, उघडूनच पाहावं लागतं.

स्वतः भरणार असाल तर पंप बंद करून मल्टिपोर्ट (वेसलच्या डोक्यावरचा, पाण्याची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) बॅकवॉशवर, म्हणजे उलट्या धुण्यावर फिरवा म्हणजे आतला दाब निघून जाईल. पंपाच्या डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करा, डोकं उघडा. मधल्या राइझर पाइपचं तोंड टेपने बंद केल्याशिवाय एक मूठही टाकू नका. त्यात खडी गेली तर ती तळातल्या जाळीत अडकते किंवा सरळ नळाला येते, आणि मग वेसल पूर्ण रिकामी करावी लागते. हे काम आम्ही वॉरंटीत धरत नाही. राइझर मधोमध उभा राहील असं पाहत नरसाळ्याने ओता, दोन-तृतीयांशवर थांबा. वरची रिकामी जागा वाया गेलेली नाही, बॅकवॉशमध्ये थर तिथे फुगतो. गळ्यापर्यंत भरलंत तर पहिल्याच बॅकवॉशला महाग खडी गटारात जाईल. टेप काढा, आटे पुसा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा (व्हॅसलीन नको, काही रबर त्याने फुगतं) आणि हाताने आवळा. मग पाणी दुधासारखं पांढरं यायचं थांबेपर्यंत बॅकवॉश, साधारण १५ मिनिटं, त्यानंतर ५ मिनिटं रिन्स. मल्टिपोर्टची मूठ पंप चालू असताना कधीही फिरवू नका, आतलं गॅस्केट फाटतं.

बॅकवॉश आठवड्यातून एकदा १० मिनिटं, गढूळ पाण्याच्या दिवसांत दोनदा. न केल्यास खडी थिजून एकजीव होते आणि पाणी कडेने वाट काढून तसंच निघून जातं. विहिरीत लोह असेल तर दाण्यांवर तपकिरी साय चढते आणि भरलेली वेसलही काम करत नाही. अशा घरांना आम्ही लोहाचा वेगळा फिल्टर सुचवतो. ती विक्री वाढवण्याची युक्ती वाटते, पण एकट्या कॅल्साइटवर ते पाणी टिकत नाही.

गाळताना प्रवाह मिनिटाला १५ ते २० लिटर ठेवायचा, म्हणजे १००० लिटरची वरची टाकी भरायला ५० मिनिटं ते तासाहून जरा जास्त. म्हणून आम्ही डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धवट ठेवून त्यावर खूण करतो. टाकी लवकर भरावी म्हणून तो सबंध उघडला जातो, आणि पाणी खडीला नुसतं शिवून जातं. सबंध उघडायचा तो बॅकवॉशला, तेव्हा मिनिटाला ३० लिटरच्या वर प्रवाह हवा. वेसलच्या पुढे-मागे बसवलेले नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढू नका. फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या टोकाचा) गळका असला तर पंप थांबल्यावर पाणी विहिरीकडे ओढलं जातं आणि त्या ओढीने वेसल चेपू शकते.

स्वस्तातले पर्याय आम्हाला माहीत आहेत. बागेतली मार्बलची मोठी खडी दाणा जाड असल्याने फार सावकाश विरघळते. तिसऱ्यांचे शिंपले टाकीत टाकणं चुकीचं नाही, तेही कॅल्शियम कार्बोनेटच, पण पृष्ठभाग फार कमी आणि नीट धुतले नाहीत तर वास. विहिरीत चुना टाकलात तर आज पीएच दहाच्या वर आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जैसे थे. पीएच सहाच्याही खाली असेल तर आम्ही थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळतो. हे हिशेबाने करायचं काम आहे. जास्त झालं आणि घर चार दिवस बंद राहिलं, तर वेसलमधलं पाणी ९ च्या पुढे जातं.

फिल्टर लागल्यावर साबणाला फेस किंचित कमी येतो आणि तव्यावर, किटलीत हलका पांढरा थर धरतो. पाण्यात कॅल्शियम उतरलंय, एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता दर सांगत नाही म्हणून आमच्यावर राग असतो. अर्धी भरलेली बाटली दोन दिवस फिरवून आणली की वायू उडून जातो आणि साडेपाचचं पाणी साडेसहा-पावणेसात दाखवतं. त्या आकड्यावर फिल्टर निवडला तर तो चुकीचाच निघणार. म्हणून विहिरीवर येऊन मोजतो. त्याचे पैसे घेतो, काम दिलंत तर बिलातून वळते करतो. दुकानात आणायचंच असेल तर वरच्या टाकीतलं नको. पंप पाच मिनिटं चालवून, बाटली काठोकाठ भरून, पाण्याखालीच झाकण लावून त्याच दिवशी आणा. स्विमिंग पूलचा फिनॉल रेडचा किट इथे चालत नाही, तो ६.८ च्या खाली सगळं पिवळंच दाखवतो. पेन मीटर घेणार असाल तर ४ आणि ७ चं बफर (मीटर जुळवायचं द्रावण) सोबत घ्या, आणि या मऊ पाण्यात आकडा स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या.

कॅल्साइटच्या २५ किलोच्या गोण्या दुकानात वर्षभर मिळतात. वार्षिक देखभाल घेतलेल्यांकडे आम्ही मे महिन्यात गोणी घेऊनच येतो. बाकीच्यांनी फोन करताना वेसलचा आकार आणि शेवटचं कधी भरलं ते सांगावं, म्हणजे माणूस रिकाम्या हाताने येणार नाही.