४ जुलै: योगायोग किती, जुळवून आणलेलं किती?

वर्तमानपत्रातल्या दिनविशेषात ४ जुलैखाली सहसा दोन नोंदी असतात: अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि १९०२ साली झालेलं स्वामी विवेकानंदांचं निधन. (विवेकानंदांनी १८९८ मध्ये काश्मीरमध्ये अमेरिकन शिष्यांसोबत हा दिवस साजरा करून त्यावर एक इंग्रजी कविताही लिहिली होती.) अमेरिकेच्या इतिहासात मात्र या तारखेखाली नोंदींची रांगच लागते. त्यातल्या बऱ्याचशा कुणीतरी मुद्दाम तिथे नेऊन बसवलेल्या आहेत.

मुळात ही तारीखच थोडी वादाची. ब्रिटनपासून वेगळं होण्याचा ठराव फिलाडेल्फियात मंजूर झाला २ जुलै १७७६ रोजी. दुसऱ्या दिवशी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अॅडम्स यांनी पत्नी अॅबिगेलला उत्साहाने लिहिलं की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील, घंटा वाजतील, तोफा उडतील, रोषणाई होईल. वर्णन तंतोतंत खरं ठरलं, तारीख तेवढी चुकली. ४ जुलैला मंजूर झाला तो स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा. त्याच रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात तो छापला गेला आणि मथळ्यात ४ जुलै ही तारीख आली. बहुतेकांच्या सह्या तर २ ऑगस्टला झाल्या. गावोगावी पोचला तो छापील कागद, आणि त्यावरची तारीख लोकांच्या मनात बसली.

पन्नास वर्षांनी जे घडलं त्याने या तारखेला जवळजवळ धार्मिक वलय आलं. ४ जुलै १८२६. जाहीरनाम्याचे लेखक थॉमस जेफरसन ८३ वर्षांचे, अॅडम्स ९० वर्षांचे. दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष, आधी मित्र, मग कट्टर विरोधक. १८१२ मध्ये अबोला सुटला आणि पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. जेफरसन शेवटच्या रात्री ‘चार तारीख लागली का?’ असं विचारत होते. दुपारी एकच्या आधी ते गेले. ‘जेफरसन अजून आहेत’ अशा अर्थाचे शब्द अॅडम्स यांच्या तोंडी शेवटी होते असं सांगतात. संध्याकाळी तेही गेले. तारयंत्र अजून यायचं होतं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते अॅडम्स यांचेच चिरंजीव. घराकडे निघाल्यावर वाटेत त्यांना वडील गेल्याचं कळलं. डायरीत त्यांनी यात ईश्वरी कृपेची खूण पाहिली. १८३१ मध्ये आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचंही याच दिवशी निधन झालं, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली.

जेफरसन कर्जात बुडाले होते, म्हणून जानेवारी १८२७ मध्ये त्यांच्या १३० गुलामांचा लिलाव पुकारण्यात आला. हे दिनविशेषात सापडत नाही.

मृत्यू कुणाच्या हातात नसतो, मुहूर्त मात्र असतो. ईरी कालव्याची पहिली कुदळ ४ जुलै १८१७ ला पडली. बाल्टिमोर-ओहायो रेल्वेची कोनशिला १८२८ मध्ये त्याच दिवशी बसली, आणि ती बसवायला जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी हयात असलेले एकमेव गृहस्थ, नव्वदीतले चार्ल्स कॅरल, यांना बोलावलं होतं. सर्वांत हिशेबी उदाहरण व्हिक्सबर्गचं. उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या यादवी युद्धात ४७ दिवसांच्या वेढ्याने उपासमार झालेलं हे शहर दक्षिणेचे सेनापती पेम्बर्टन यांनी ४ जुलै १८६३ रोजी उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्या स्वाधीन केलं. पेम्बर्टन जन्माने पेन्सिल्व्हेनियाचे, त्यामुळे उत्तरेकडच्या लोकांचा स्वभाव ओळखून होते. त्या दिवशी शरण गेलो तर अटी जरा सैल मिळतील, हा त्यांचा होरा होता. गेटिसबर्गच्या लढाईत हरलेल्या, दक्षिणेचेच दुसरे सेनापती ली यांच्या फौजेने त्याच संध्याकाळी पावसात माघार घ्यायला सुरुवात केली. हा मात्र निव्वळ योगायोग.

न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरीही कायद्याने ४ जुलै १८२७ रोजीच संपली. पण त्या दिवशी गोऱ्यांच्या जत्थ्यांकडून त्रास होण्याची भीती होती, म्हणून अनेक कृष्णवर्णीयांनी मिरवणुका काढल्या ५ जुलैला. गुलामीतून सुटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्ये रॉचेस्टरला ‘गुलामाला तुमच्या चार जुलैचं काय?’ हा सवाल केला, ते भाषणही पाच तारखेचंच.

अमेरिकेने १९४६ मध्ये फिलिपिन्सला स्वातंत्र्य दिलं, तेही आपल्याच ४ जुलैला. फिलिपिन्सने १९६२ मध्ये आपला स्वातंत्र्यदिन १२ जूनवर नेला; १८९८ मध्ये त्या दिवशी त्यांनी स्वतःच स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं.