मिनिटभर जोर, दोन मिनिटं दम: इंटरव्हल बॅचविषयी

‘चार मिनिटांत चरबी जळते म्हणे, तेच शिकवा,’ असं म्हणत आमच्या दादरच्या जिममध्ये दर आठवड्याला कोणीतरी येतंच. त्यांच्यासाठी हा कागद.

चार मिनिटांची गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. जपानच्या इझुमी ताबाता यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात धडधाकट तरुणांनी सायकलवर २० सेकंद जीव तोडून पॅडल मारायचं, १० सेकंद थांबायचं, असे सात-आठ फेरे होते. आठवड्याला चार दिवस हे फेरे, पाचव्या दिवशी अर्धा तास मध्यम जोराचा व्यायाम आणि थोडे फेरे, असं सहा आठवडे. त्यांचा दमसास चांगलाच वाढला. पण तिथे मोजला गेला तो दम, चरबी नव्हे.

आमच्या इंटरव्हल बॅचमध्ये, म्हणजे आळीपाळीने जोर आणि विश्रांती, सुरुवात याहून सौम्य असते. दहा मिनिटं वॉर्म-अप, मग एक मिनिट जोर आणि दोन मिनिटं संथ चालणं, असे सहा फेरे. जोर सायकलवर लावा, नाहीतर स्टेपवर चढ-उतार करा. उड्या आणि बर्पी (खाली वाकून, पाय मागे टाकून, परत उठून उडी) आम्ही बंद केल्या: गुडघ्यांसाठी, आणि खरं सांगायचं तर खालच्या मजल्यावरच्या आजींसाठीही.

जोर किती लावायचा? मिनिट संपताना तोंडून ‘पाणी!’ एवढंच निघालं पाहिजे. ‘सर, काल कुर्ल्याला गाडी अर्धा तास उभी होती’ असं अख्खं वाक्य निघालं, तर जोर कमी पडला. २२० वजा वय हे नाडीच्या कमाल वेगाचं गणित ढोबळ असतं, घड्याळापेक्षा श्वासावर विसंबा. आणि मधली दोन मिनिटं चुकवू नका. त्या विश्रांतीमुळेच पुढच्या फेरीत हृदयाला पुन्हा तेवढं काम देता येतं. काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, आणि स्टेशनचा पूल चढून गेल्यावर कठडा धरावा लागत नाही.

पोटाचं म्हणाल, तर इंटरव्हल आणि नेहमीचं भरभर चालणं यांनी चरबी साधारण सारखीच कमी होते. इंटरव्हलमध्ये वेळ वाचतो, एवढाच फरक. ‘व्यायामानंतरही दिवसभर कॅलरी जळत राहतात’ ही जाहिरात फुगवलेली आहे. तो फायदा एका वडापावापुढेही टिकत नाही. मे महिन्यात टीशर्ट पिळून काढण्याइतका घाम येतो, तोही पाणीच. दमट हवेत घाम सुकत नाही, नाडी मात्र जास्त चढते, म्हणून त्या दिवसांत आम्ही दोन फेरे कमी करतो. वजनकाट्यावर रोज चढू नका. पंधरा दिवसांनी, सकाळी अनशापोटी, बेंबीपाशी टेप लावा. स्नायू टिकवायचे असतील तर दोन दिवस वजनं उचला आणि जेवणात डाळ, उसळ, अंडी, मासे असू द्या.

इंटरव्हल आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान एक दिवस सोडून. रोज करतो म्हणणारे आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात.

बीपी, मधुमेह, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, किंवा वर्षानुवर्षं व्यायाम सुटलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब, भोवळ किंवा वेगळंच काही जाणवलं तर तिथल्या तिथे थांबा आणि हात वर करा. ‘एवढा फेरा पुरा करतो’ म्हणू नका.

बॅच मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सव्वासहाला. सातच्या आत सोडतो, ७.२० ची लोकल चुकत नाही. पंचा आणि पाण्याची बाटली घरून आणा. बाहेरचे बूट दाराशी काढून आतले घाला, पावसाळ्यात विशेषतः.