खारेपणा उतरला, रोहित उडाले

नाकुरू तळ्याच्या जुन्या फोटोंत काठच रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, गर्दीने गुलाबी दिसतो. ते फोटो डोक्यात ठेवून सफारीला गेलेला माणूस बबून क्लिफच्या कड्यावरून खाली बघतो, तर समोर पाणीच पाणी, त्यात उभी वठलेली बाभळीच्या जातीची झाडं, आणि रोहित पक्षी? ते दुर्बिणीतून शोधायचे.

केनियातलं हे तळं रिफ्ट व्हॅलीत, समुद्रसपाटीपासून साधारण 1750 मीटरवर आहे. आपल्या लोणारसारखीच इथली गत: पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. ज्वालामुखी खडकांतून आलेले सोड्याचे क्षार साचत जातात, वरून ऊन पाणी उडवून नेतं. अशा पाण्यात फारसं कुणी टिकत नाही. शेवाळासारखी स्पिरुलिना मात्र फोफावते. हो, तीच, जिच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळतात! सूक्ष्म, हिरवट आणि खायला दुसरे वाटेकरी फार नाहीत, म्हणून छोट्या रोहितांची (लेसर फ्लेमिंगो या जातीची) चंगळ. हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो, जीभ पंपासारखी मागेपुढे करत पाणी आत घेतो नि बाहेर टाकतो, आणि चोचीच्या आतल्या बारीक दातऱ्या स्पिरुलिना गाळून ठेवतात. पिसांचा गुलाबी रंगही तिच्यातल्याच रंगद्रव्यांचा. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या थव्यांमध्येही हा छोटा रोहित असतो.

2010 च्या सुमारास पाणी चढू लागलं. मुख्य कारण वाढलेला पाऊस. तळ्याभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाचं जुनं प्रवेशद्वार बुडालं, काठाचे रस्ते गेले. पण रोहितांना पाण्याच्या खोलीपेक्षा त्याचा गोडवाच जास्त नडला. क्षार पातळ झाले, स्पिरुलिना विरळ झाली. पाणी वाढलं की पक्षी वाढतील, हे आपलं गणित इथे उलटं पडतं.

गेंड्यांना याचं काही वाटत नसावं. काळे आणि पांढरे, दोन्ही इथे दिसतात, आणि 1968 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जागेत आज बरेच जण त्यांच्यासाठीच येतात. मासे खाणाऱ्या पेलिकनांचंही बरं चाललंय. रोहितांचं विचाराल, तर गाडीवाला उत्तरेकडे हात दाखवून म्हणेल, बोगोरियाच्या तळ्यावर जा. तिथलं पाणी अजून खारट आहे.