टपावरील पूरक दिवे (वाहन)

खडकाळ, चिखलाच्या किंवा वाळूच्या वाटेने रात्री चालणाऱ्या गाडीच्या टपावर, मूळ हेडलाइटच्या जोडीला बसवलेले दिवे. ते सुटे गोल दिवे असतात किंवा टपाच्या रुंदीभर जाणारी एलईडीची पट्टी, म्हणजे लाइट बार. कॅमल ट्रॉफी (१९८०–२०००) या मोहिमेतील पिवळ्या लँड रोव्हर गाड्यांमुळे कॅरिअरवर ओळीने लावलेले दिवे जगभर ओळखीचे झाले. बरेच जण आजही ते दिवे रुबाबासाठीच लावतात.

उंचीचा फायदा खराच आहे. वरून पडणाऱ्या उजेडात दगडांच्या सावल्या आखूड होतात, चढाच्या पलीकडचा उतार लवकर दिसतो आणि खड्ड्याचा तळही उजळतो. पाण्यातून किंवा चिखलातून जाताना बंपरवरचे दिवे माखतात, टपावरचे बहुधा स्वच्छ राहतात. तोटाही उंचीचाच. दिवा चालकाच्या नजरेच्या रेषेजवळ आला, की धुळीचे, धुक्याचे किंवा बर्फाचे कण उजेड थेट त्याच्या डोळ्यांकडे परतवतात आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. अशा वेळी टपावरचे दिवे बंद करून खाली बसवलेल्या रुंद झोताच्या दिव्यांवर जावे लागते. त्यामुळे या दिव्यांना स्वतंत्र स्विच हवाच. दुसरा त्रास बॉनेटचा. फिकट रंगाचे बॉनेट चकाकले, की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि लांबचे उलट कमी दिसते. दिवे काचेच्या कडेपासून थोडे मागे घेतले, तर टपाचीच कड बॉनेटवरचा झोत अडवते. तेवढ्याने भागले नाही, तर दिव्यांखाली काळी पट्टी लावतात.

जोडणीत मुख्य प्रश्न अंतराचा असतो. ५५ वॉटचे चार हॅलोजन दिवे मिळून २२० वॉट होतात आणि १२ व्होल्टवर साधारण १८ अँपिअर प्रवाह ओढतात. बॅटरीपासून टपापर्यंत चार मीटर वायर धरली, तर जाऊन-येऊन आठ मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या प्रवाहाला जवळपास एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. तोटा ऐकायला किरकोळ वाटतो. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे एका व्होल्टमागे सुमारे पाव उजेड जातो. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट ०.४ व्होल्टवर येते. महागडे दिवे घेऊन बारीक वायर टाकणाऱ्याने पैसे वायरीतच जाळले, असे म्हणायला हरकत नाही. एलईडी दिवे प्रवाह कमी ओढतात. त्यांतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे सर्किट, ठरावीक वॉट राखणारा असेल, तर व्होल्टेज घटल्यावर तो उजेड कमी करत नाही, जास्त प्रवाह ओढतो; म्हणून तिथेही वायरीची जाडी हिशेबानेच ठरवावी लागते.

एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेत नाहीत. ते काम रिलेचे, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचचे. डॅशबोर्डवरचा स्विच फक्त रिलेची कॉइल (चुंबकाचे वेटोळे) चालवतो आणि तिला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. रिलेच्या पायांवरचे आकडे जर्मन मानक डीआयएन ७२५५२ प्रमाणे असतात: ३० बॅटरीकडून, ८७ दिव्यांकडे, ८५ आणि ८६ कॉइलचे. पाच पायांच्या रिलेत मधला पाय बहुधा ८७ए असतो आणि रिले बंद असताना तोच ३० ला जोडलेला राहतो. दिवे त्याला जोडले, तर स्विच बंद केल्यावर लागतात आणि चालू केल्यावर विझतात. नवखा माणूस मग स्विच बदलत बसतो.

फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, दिव्याच्या नव्हे. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा. दिव्याजवळ लावला, तर मधल्या सगळ्या वायरीला संरक्षण उरत नाही आणि ती कुठे घासून बॉडीला टेकली, की आग लागू शकते. वरच्या उदाहरणात २५ अँपिअरचा फ्यूज चालतो, मात्र वायरीची क्षमता त्याहून जास्त असायला हवी. अर्थिंगसाठी चासीवरचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे) घट्ट आवळतात. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो; अर्थ थेट त्या टोकाला जोडला, तर हा प्रवाह सेन्सरच्या हिशेबात येत नाही.

स्विचचा सिग्नल अप्परच्या (हेडलाइटच्या लांब झोताच्या) वायरीवरून घेण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. समोरून गाडी आली, की डिप्पर देताच टपावरचे दिवेही विझतात. मात्र काही नव्या गाड्यांत हेडलाइटला पुरवठा तुटक स्पंदांनी होतो. त्यावर साधा रिले जोडला, तर तो टकटक वाजत राहतो.

वायर वर नेण्याची सोयीची वाट म्हणजे बॉनेटच्या फटीतून काचेच्या कडेने. आतल्या बाजूने खांबाच्या आवरणाखालून न्यायची असेल, तर तिथे पडदा एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) आहे का, हे आधी पाहावे लागते. वायर तिच्यापुढून गेली, तर फुगताना अडथळा होतो. टपाला भोक पाडलेच, तर उघड्या कडेला लगेच गंजरोधक रंग लावून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचे कडे) बसवतात. वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ देतात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र टाळावे. त्यातले आम्ल पत्रा आणि तांबे दोन्ही खाते. भोक टाळायचे असेल, तर कॅरिअर किंवा टपाच्या पन्हळीला धरणारे क्लॅम्प वापरतात.

दिव्यावरच्या आयपी ६७ या खुणेतला ६ धूळबंदपणा दाखवतो आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता. पाणी शिरते ते बहुधा दिव्यात नव्हे, कनेक्टरमध्ये. त्यामुळे क्रिंप केलेल्या (पक्कडीने दाबून जोडलेल्या) सांध्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवतात. दिवे मंद वाटले, तर ते चालू ठेवून दिव्यापाशीच व्होल्टेज मोजावे. बॅटरीवरच्या आकड्याशी मोठा फरक असला, तर दोष वायर, सांधा किंवा अर्थचा.

सार्वजनिक रस्त्यावर हे दिवे लावण्यावर बहुतेक ठिकाणी बंधने आहेत. काही ठिकाणी ते झाकून ठेवणे सक्तीचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्र. ४८ नुसार एकाच वेळी लागणाऱ्या अप्पर दिव्यांची एकत्रित तीव्रता ४,३०,००० कँडेलाच्या (प्रकाशतीव्रतेचे एकक) वर जाता कामा नये.

वेगात लाइट बार शिट्टी घालतो. त्याच्या पंख्यांवरून, म्हणजे धातूच्या उभट पात्यांवरून, वारा ठरावीक लयीत तुटतो, हे त्याचे कारण. वरच्या पंख्यांत रबराची पट्टी बसवली, की आवाज बराच कमी होतो. मात्र हे पंखे उष्णता बाहेर टाकण्यासाठी असल्याने ते सगळेच बुजवून चालत नाही.