शेक दिला की डोकं जातं?

‘तोंडाच्या कॅन्सरला शेक दिला की मेंदू भाजतो आणि माणूस भ्रमिष्ट होतो,’ हा मेसेज गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत फिरत असतो. त्या भीतीने शेक म्हणजेच रेडिएशनचे उपचार लांबतात, म्हणून हा खुलासा.

पूर्ण उपचारात साधारणपणे रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), आठवड्याला 5 दिवस, असे 33 ते 35 शेक असतात. मास्क लावून डोकं स्थिर ठेवतात, सीटी स्कॅनवर गाठीची हद्द आखतात. जीभ, गाल, स्वरयंत्राच्या शेकात मेंदूला सहसा बराच कमी डोस पोहोचतो. नाकामागच्या किंवा सायनसच्या गाठीचं मात्र वेगळं. तिथे मेंदूचा कानशिलाकडचा भाग अगदी जवळ असतो आणि पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. त्या भागाला किती ग्रे मिळणार, हे प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. डॉक्टरांना आधीच विचारा.

पोदेराचे (पाववाल्याचे) पैसे दिले की नाही हे आठवेना, तर लगेच मेंदू गेला असं समजू नका. मानेवरच्या शेकाने थायरॉईड मंदावू शकतं. त्यातून येणारी सुस्ती, विसराळूपणा गोळीने बहुधा सुधारतो. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) दर 6 ते 12 महिन्यांनी तपासा. रक्त कमी असणं, अपुरं खाणं, झोपमोड, उदासी, केमो हीही कारणं असतात. उपचाराआधीच 30 गुणांची स्मरण चाचणी करून ठेवली, तर नंतरचा फरक आकड्यांत कळतो.