निळा व्हँडा: खासी टेकड्यांतला आणि घोडबंदरच्या नर्सरीतला

गेल्या नोव्हेंबरात घोडबंदर रस्त्यावरच्या एका नर्सरीत निळा व्हँडा, म्हणजे निळ्या फुलांचं एक ऑर्किड, टांगलेला दिसला. लाकडी पट्ट्यांची टोपली, खाली दोन फूट लोंबणारी करडी मुळं, वर आठ-नऊ फुलं. "ताई, ओरिजिनल आहे, शिलाँगचा," दुकानदार म्हणाला. किंमत ऐकून आईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी फूल जवळून बघितलं. शिलाँगचा नव्हता.

निळा व्हँडा म्हणून दोन झाडं चालतात. एक व्हँडा सेरूलिया, ही मूळ जंगली जात. ईशान्य भारतात आणि पुढे म्यानमार, थायलंडकडे झाडांवर वाढते. दुसरा तिचा संकर. सेरूलियाचा फिलिपिन्सच्या व्हँडा सँडेरियानाशी संकर करून 1931 साली 'रॉथशिल्डियाना' नोंदवला गेला, आणि बाजारातल्या निळ्या व्हँडांत बरेचसे त्याच गोतावळ्यातले.

ओळख पाकळ्यांवरून पटते. जंगली फुलाच्या पाकळ्या देठाशी अरुंद आणि जरा पिळलेल्या, त्यामुळे मधून पलीकडचं दिसतं. फूल घाईत उमलल्यासारखं वाटतं. संकराचं फूल बशीसारखं सपाट, गोल, पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या आणि जाळीची नक्षी ठळक. नर्सरीतलं फूल चक्क बशी होतं. मला स्वतःला ते पिळलेलंच जास्त आवडतं, पण बाजार गोलाईवर भाळतो.

खरा फरक हवेचा. सेरूलिया डोंगरातली, तिला रात्री गारवा लागतो. ठाण्यात मे महिन्यात रात्रीसुद्धा घाम पुसावा लागतो. तिथे ती तग धरली तरी फुलायची मारामार. संकराला उकाडा सोसतो, कारण सँडेरियाना फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावरच्या सखल, दमट जंगलातली. म्हणजे आपल्या बाल्कनीत जे खुशीत फुलतं ते बहुधा 'ओरिजिनल' नसतंच.

आणि असलं तर? ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर 1850 मध्ये मेघालयातल्या, शिलाँगच्या परिसरातल्या खासी टेकड्यांत गेला तेव्हा ओकच्या झाडांवर ही निळी फुलं वाऱ्यावर डुलत होती. त्यानं लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी सात माणसांच्या डोक्यावरचे भारे भरून रोपं काढली; त्यातली मोजकीच इंग्लंडला जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थानं धाडलेला एका माणसाचा भारा, तोही खराब हालतीत पोचलेला, 300 पौंडांना विकला गेला. पुढे जंगलं का रिकामी झाली, हे त्या आकड्यातच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित वनस्पतींत आता निळा व्हँडा आहे. परवानगीशिवाय जंगलातून उपटणं, बाळगणं, विकणं, सगळाच गुन्हा.

इथे एक गल्लत टाळायला हवी. जंगली जात आणि जंगलातून उपटलेलं रोप या दोन गोष्टी वेगळ्या. सेरूलियाचीही रोपं प्रयोगशाळेत बियांपासून करतात. उपटलेलं रोप कळतं: मुळं तुटलेली, त्यांना सालीचे तुकडे आणि शेवाळ चिकटलेलं, पानं फाटकी. वाढवलेली रोपं सगळी एका मापाची दिसतात.

(गडद शाईसारखी निळी फुलं येणारा फॅलेनोप्सिस हे वेगळंच ऑर्किड, हा तिसराच प्रकार. दांड्यात रंग सोडलेला असतो. पुढचा बहर पांढरा.)

टोपलीमागे एक प्लास्टिकची पट्टी होती, तिच्यावर थाई अक्षरं. दाखवली तर दुकानदार म्हणाला, "ते असंच लावतात." शेवटी आईनं 'शिलाँग' वजा करून भाव पाडला आणि तोच घेतला. आता तो आमच्या ग्रिलला टांगलाय. माती नसल्यानं रोज पाणी लागतं. करडी मुळं हिरवी झाली की बास.