पाउ दार्को आणि ब्वा दार्क: अर्थ एकच, लाकडं मात्र दोन

लाकडी धनुष्य बनवायला घेतलं की हा गोंधळ बहुतेकांचा होतोच. पोर्तुगीजमध्ये ‘पाउ दार्को’ म्हणजे धनुष्याचं लाकूड आणि फ्रेंचमध्ये ‘ब्वा दार्क’ म्हणजेही अगदी तेच, त्यात दोन्ही जड, दोन्ही पाण्याकिडीला दाद न देणारी, दोन्हींत पिवळा रंग, त्यामुळे माहिती एकाची वाचायची आणि रंधा दुसऱ्यावर चालवायचा असं होतं आणि एक चांगली फळी वाया जाते.

पाउ दार्को म्हणजे इपे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली हँड्रोअँथस जातीची झाडं, टेटू आणि बुचाच्या कुळातली. बाजारात हे मुख्यतः डेकिंगच्या (घराबाहेरच्या लाकडी फरशीच्या) फळ्या म्हणून येतं, कधीकधी ‘ब्राझिलियन वॉलनट’ म्हणूनही विकतात, पण अक्रोडाशी त्याचं काही नातं नाही. ब्वा दार्क म्हणजे ओसेज ऑरेंज, मूळचं टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा या भागातलं, हिवाळ्यात पानं गाळणारं, तुती-फणसाच्या कुळातलं. म्हणजे हे ट्रॉपिकल लाकूड नाहीच. तिथल्या ओसेज आणि इतर मूळनिवासी लोकांची धनुष्यं याची असायची म्हणून फ्रेंचांनी ते नाव दिलं. अमेरिकन शोधप्रवासी मेरिवेदर लुईसने 1804 मध्ये याच्या फांद्या राष्ट्राध्यक्ष जेफरसनला पाठवल्या होत्या आणि थोड्याच वर्षांनी जॉन ब्रॅडबरी या वनस्पतीतज्ज्ञाने लिहून ठेवलंय की अरिकारा या मूळनिवासी लोकांत अशा एका धनुष्याची किंमत एक घोडा आणि एक ब्लँकेट होती. त्या लोकांच्या प्रदेशात हे झाड उगवत नव्हतं, लाकूड लांबून यायचं, हे लक्षात घेतलं तर ती किंमत कळते.

आता कामाचा फरक. इपे घनमीटरला साधारण 1100 किलो, ओसेज साधारण 850. पण वजनापेक्षा ताठरपणा बघा, इपेचा जवळपास 22 गिगापास्कल आणि ओसेजचा 12 च्या आतबाहेर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यामुळे तेवढ्याच पाउंडाच्या, म्हणजे ओढायला तेवढाच जोर लागणाऱ्या धनुष्याला इपेचे लिम्ब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) अरुंद पुरतात, सव्वा इंच रुंदी भरपूर होते, ओसेजला दीड इंच धरून चाललेलं बरं. ओसेजची मापं इपेवर जशीच्या तशी उतरवलीत तर धनुष्य हवं त्यापेक्षा फारच कडक होतं, मग ते खाली आणायला खरवडत बसायचं आणि इपे खरवडणं म्हणजे हाताची परीक्षा.

खरी भानगड मात्र पाठीची आहे. धनुष्याची पाठ म्हणजे नेम धरताना समोरच्या बाजूला असणारा भाग, तो ताणला जातो, आणि पोट म्हणजे आपल्याकडचा भाग, तो दाबला जातो. ओसेजमध्ये वर्षवलयं स्पष्ट दिसतात, म्हणून साल आणि तिच्याखालचं पांढरट लाकूड काढून टाकायचं आणि गाभ्यातलं एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवायचं, ड्रॉ नाइफ (दोन मुठींचा, आपल्याकडे ओढून चालवायचा सुरा) मऊ सच्छिद्र थरात गेला की कुरकुर आवाज येतो आणि घट्ट थराला लागला की आवाज बदलतो, कानाला सवय झाली की त्यावरच अर्धं काम होतं. हे जमलं की एकाच तुकड्याचं धनुष्य, मागे काही चिकटवायला नको. मला यातलं सगळ्यात आवडतं काम हेच.

इपेत हे करायला जाऊ नका. वलयं नीट दिसतच नाहीत आणि धागे एका थरात इकडे झुकलेले, पुढच्यात तिकडे, म्हणजे पाठीवर कुठे ना कुठे धागा तुटून वर येतो आणि ताण पडला की तिथूनच सोलपट निघतं. अगदी सरळ धाग्याची फळी मिळाली तर नुसत्या इपेचंही करतात लोक, पण सुरुवात करणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये असं मला मनापासून वाटतं. इपेच्या पाठीला बांबूची पट्टी चिकटवायची. बांबूच्या सालीलगतचे धागे लांबच लांब अखंड असतात आणि ताणाला जबरदस्त टिकतात, इतके की पोटाला मऊ लाकूड असेल तर ते चुरगळतं. इपे दाबाला तितकंच दणकट, म्हणून ही जोडी जमते. फक्त इपे तेलकट असतं, चिकटवायच्या आधी ताजं घासायचं, अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि लगेच इपॉक्सी लावायचं, रात्रभर तसंच ठेवून सकाळी चिकटवू म्हणाल तर सांधा सुटायची भीती. मास्क लावा, ती पिवळी धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते.

हातातला तुकडा कुठला हे कळत नसेल तर पाण्यात टाका. इपे बहुतेक वेळा बुडतं, ओसेज तरंगतं. ओसेजचा भुसा पाण्यात पिवळा रंग सोडतो, इपेच्या छिद्रांतली पिवळट पावडर अमोनियाच्या पाण्याने लालभडक होते. ओसेजची ताजी कापलेली बाजू सोनेरी पिवळी असते आणि उन्हात हळूहळू तपकिरी पडते, त्यामुळे जुन्या तुकड्याचा नुसता रंग बघून ठरवू नका, थोडं खरवडून आत बघा.

आणि एक, इपे 25 नोव्हेंबर 2024 पासून साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आलंय, म्हणजे देशाबाहेर लाकूड नेताना परवान्याचे कागद लागतात, ओसेजला असं काही नाही. डेकिंगच्या कामातून उरलेल्या इपेच्या फळ्या मिळत असतील तर आधी त्याच घ्या, झाड त्यासाठी आधीच पडलेलं असतं आणि धनुष्याला लागतं ते जेमतेम एका अरुंद पट्टीएवढं.